थांबा म्हणणारी बाई

डबकं फार तर परातीएवढं होतं. पण ते तिथे असायला नको होतं, आणि होतं ते ओफेलिया बारागानच्याच सांगण्यावरून. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्या डबक्याच्या काठच्या चिखलात तिला पावलं दिसली. आखूड, रुंद पावलांच्या दोन ओळी, आणि मधली माती जराशी घासलेली. कासव, आणि तेही चांगलं मोठं. ते फाटकाकडून आलं होतं, पाणी प्यायलं होतं, पण परत गेलं नव्हतं. पावलं आत वळली होती आणि चार हातांवर टणक जमीन लागताच दिसेनाशी झाली होती.

आत म्हणजे जिथे सात वाजता चार डोझर सुरू होणार होते तिथे.

नीडल्स या वाळवंटी गावापासून तासाभराच्या वाटेवर ही साइट. मैलोन्‌मैल सपाट जमीन खरवडून तिच्यावर उन्हाची वीज करणाऱ्या काचा बसवायच्या होत्या. त्या जमिनीवर कासवं आधीपासून राहत होती, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये एकतीस कासवं एकेक उचलून बाहेर नेली, बिळं हातांनी खणून पाहिली आणि बुजवली, सभोवार गुडघाभर उंचीची जाळी ठोकली. मग कागदावर लिहिलं गेलं, की आत आता एकही कासव नाही. त्या कागदाच्या जोरावर यंत्रं चालत होती. तो कागद रोज खरा ठेवायचा, याचा ओफेलियाला पगार मिळे.

कासवाला हात लावायचा परवाना तिच्याकडे नव्हता. तो साइटवर एकट्या कीथ लिंडक्विस्टकडे, एकतीस वर्षांचा, प्राणिशास्त्र शिकून आलेला तिचा वरिष्ठ, नाकावर पांढरं मलम फासून हिंडणारा. ओफेलियाला एकच हक्क होता. खांद्यावरच्या वॉकीत 'थांबा' म्हणायचं. तिने तसं म्हटलं की शंभर टनांचं यंत्र असो नाहीतर साहेबाची गाडी, जिथल्या तिथे थांबायला हवं. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात तिचं कोणी कधी इतकं ऐकलं नव्हतं. बाप रेल्वेच्या रुळांवर राबून मेला. नवरा नदीपलीकडच्या जुगारखान्यात पत्ते वाटायला गेला, तो तिकडचाच झाला. मुलगी बार्स्टोला नर्स, ती फोनवर ऐकण्यापेक्षा सांगतेच जास्त. त्यामुळे या एका शब्दाचं ओफेलियाला अप्रूप होतं, आणि ती ते लपवतही नसे.

त्याआधी एकोणीस वर्षं ती धूळ बसवायचा पाण्याचा टँकर चालवत होती. त्या काळी कासवांच्या राखणदार पोरी गाडी अडवायच्या, तेव्हा ही दारावर हात आपटून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग पाठीचे दोन मणके गेले. डॉक्टरने स्टिअरिंग सोडायला सांगितलं. नीडल्समध्ये दुसरं काम म्हणजे पेट्रोल भरणं नाहीतर हॉटेलात बश्या धुणं, आणि तेही पाठीला झेपणार नव्हतं. कोणीतरी म्हणालं, दोन दिवसांचा वर्ग आहे, कासवांचा. ती गेली, आणि झाली. साइटवरचे लोक तिला 'कासवांची सासू' म्हणत. ती म्हणे, सासूच लागते, आई लाडावून ठेवते.

आता त्या सासूनेच घोटाळा करून ठेवला होता. दोन हिवाळे पाऊस नव्हता. आठ दिवसांपूर्वी पाण्याच्या टाकीखाली लाव्यांची पिल्लं चोची वासून बसलेली तिने पाहिली. अंगठ्याएवढी पिल्लं, डोळे अर्धे मिटलेले. तिला राहवलं नाही. टँकर भरायला आलेल्या चुय लुगोला तिने सांगितलं, नळ पुरता आवळू नकोस, टिपूस टिपूस राहू दे. खरं तर साइटवर पाण्याचा थेंबही साचू द्यायचा नसतो. वाळवंटातल्या जनावराला पाण्याचा वास कुठून कुठे लागतो. कासव त्या वासावर येतं, डोमकावळे येतात, आणि कावळे कासवांची पिल्लं फोडून खातात. नव्या माणसांना हे समजावून सांगायचं काम ओफेलियाचंच होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

फाटकाखाली टँकरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. हातभर रुंद कासव तिथून सहज सरकून आलं असणार. ओफेलियाने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने नळ पिळून घट्ट केला. मग बुटाने कोरडी माती ओढून डबकं बुजवलं, आणि त्याच झपाट्यात काठच्या पावलांवरूनही बूट फिरवला. हे करून झाल्यावर तिला उमगलं. कासव आत आहे याचा एकुलता एक पुरावा तिने स्वतःच पुसला होता.

तेवढ्यात चुयचा टँकर घरघरत आला. चुय तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून ती त्याला 'कोंपाद्रे' म्हणे आणि तो तिला 'कोमाद्रे'. चौसष्ट वर्षांचा, डावा गुडघा कामातून गेलेला. पेन्शनला सात महिने राहिले होते आणि तो ते दिवसांत मोजून सांगत असे.

"काय कोमाद्रे, आज पिल्लांना उपास?" कोरडा नळ पाहून तो म्हणाला.

"आजपासून बंद. नळ गच्च आवळायचा."

"का? कोणी बोललं?"

"कोणी काय बोलतंय. मी म्हणते म्हणून."

"बरं बाई, बंद तर बंद. घरी बायकोची हुकमत, इथे तुझी. पेन्शन झाली की जंगलात जाऊन राहतो."

तिने त्याला पावलांचं सांगितलं नाही. त्याला माहीतच नसलं, तर त्याच्यावर बालंट येणार नाही, असा तिचा हिशेब. चांगल्या मनाने केलेले हिशेबच जास्त चुकतात, हे तिला त्या वेळी सुचलं नाही. चुयने टाकी भरली, हातातल्या काठीने टँकरच्या मागच्या टायरवर दोनदा टकटक केलं आणि निघाला. खरं म्हणजे गाडी हलवायच्या आधी प्रत्येक चालकाने वाकून चारी बाजूंनी चाकांखाली बघायचं असतं. उभ्या गाडीची सावली कासवाला आवडते. पण चुयचा गुडघा वाकत नव्हता. तो काठी वाजवायचा आणि कागदावर 'पाहिलं' म्हणून सही करायचा. ओफेलियाला हे दीड महिन्यापासून माहीत होतं. तिने तिकडेही काणाडोळा केला होता.

पावणेसात झाले. डोझरवाले थर्मासमधली कॉफी संपवून वर चढू लागले. थांबवायचं तर आत्ताच. पण काय म्हणून? 'थांबा' म्हटलं की कारण लिहावं लागतं. कारण लिहायचं तर डबकं लिहावं लागणार. डबकं लिहिलं तर नळ कोणी सैल सोडला, हे आलंच. ती घरी जाणार आणि चुयचे सात महिने पाण्यात.

बरं, नुसतं 'मला वाटतं' म्हणायचीही सोय राहिली नव्हती. त्याच महिन्यात तिने दोनदा काम थांबवलं होतं. एकदा ताजी माती उकरलेलं बीळ दिसलं, तीन तास हातांनी खणलं, आत काही नाही. दुसऱ्यांदा डोझरच्या वाटेत बिस्किटाएवढं पिल्लू तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, अर्धा दिवस सगळे शोधत होते, सापडलं नाही. कंपनीच्या माणसाने बजावलं होतं, की तिसऱ्यांदा ठोस कारण नसलं तर दुसरी बाई बघू.

ती हात कमरेवर ठेवून उभी राहिली. पहिला डोझर खोकून सुरू झाला. तिने वॉकीचं बटण दाबलं.

"सगळे थांबा. उत्तरेच्या कोपऱ्यात जाळीच्या आत कासवाचा ताजा माग आहे. मी पाहिला. थांबा."

उत्तरेचा कोपरा तिने निवडला, कारण तिथे कोरड्या ओढ्याकाठी जाळी जरा उचललेली होती. कोणालाही पटण्याजोगं होतं. तिथे माग नव्हता. ती आठ दिवसांत तिकडे फिरकलीही नव्हती.

मग डोझरांच्या मुकादमाचा, ड्वेन हॅचरचा आवाज आला. "सासूबाई, या महिन्यात तिसऱ्यांदा. माझ्यावर काही राग आहे का?"

"माग आहे, ड्वेन."

"माग आहे तर आहे." तो सुस्कारला. "ऐकलंत ना रे? बंद करा सगळं. उतरा खाली."

चारही डोझर एकामागून एक शांत झाले. कोणीतरी वॉकीवर कुत्सितपणे कासवासारखं हळू हळू 'बं...द' म्हणालं, आणि ड्वेनने त्याला दोन शब्दांत गप्प केलं. ओफेलियाला बरं वाटलं. थांबलं ना सगळं, मग झालं. ती सरळ गाडीत बसून उत्तरेला निघाली.

कीथ, ती आणि बाकीच्या दोघी राखणदार हातभर अंतर सोडत एका रांगेत चालू लागले. दर क्रिओसोटच्या झुडपाखाली वाकायचं, दर भोकात आरसा धरून उजेड पाडायचा. कीथने पहिल्याच पाच मिनिटांत विचारलं, "माग नेमका कुठे होता?"

"इथेच. वाऱ्याने गेला वाटतं."

"वारा कुठाय आज?"

ती पुढच्या झुडपाखाली वाकली. तो खरंच विचारत होता, संशयाने नाही. त्यानेच तिला आणखी लाज वाटली.

आठ वाजले. साडेआठ झाले. कीथच्या गळ्यातल्या तापमापीचा काटा शहाऐंशी फॅरनहाइटवर आला. पंचाण्णवच्या वर गेला, की कासवाला हात लावायला कायद्याने बंदी. घाबरलं तर ते साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं, आणि त्या उन्हात मग ते जगत नाही. म्हणजे दहाच्या आत ते सापडायला हवं होतं. आणि ते इथे सापडणार नव्हतं, कारण ते इथे कधी आलंच नव्हतं. चार माणसं तिच्या शब्दाखातर रिकामी जमीन चाळत होती. ओफेलिया सगळ्यांत जास्त वाकत होती, पाठीतून कळा येत होत्या, आणि त्या कळा तिला हव्याशाही वाटत होत्या. निदान काहीतरी फेडल्यासारखं वाटत होतं. पण पाठ दुखवून कासव सापडत नाही.

"इथे काही नसणार," बाजूची मार्लीन म्हणाली. नवीनच लागलेली, बोलायला फटकळ. "सकाळी तहानलेलं असेल, तर उन्हात इतका वेळ हिंडेल कशाला? सावली धरून बसलं असेल कुठेतरी."

सावली. ओफेलिया वाकलेली सरळ झाली. टाकीभोवतालची जमीन मागच्याच आठवड्यात खरवडून तळहातासारखी केली होती. एक झुडूप नाही, एक बीळ नाही. पोटभर पाणी प्यायलेलं कासव तिथून फार लांब जाणार नाही, आणि सकाळचं ऊन चढल्यावर त्याला तिथे सावली मिळणार ती फक्त टाकीच्या लोखंडी पायांची. किंवा टाकीखाली येऊन उभ्या राहणाऱ्या टँकरची.

टँकर थांबलेला नव्हता. यंत्रं बंद असली तरी टँकरला वेगळं थांबवल्याशिवाय धुळीवर पाणी मारणं चालूच राहतं, तसा नियम आहे. तिच्या 'थांबा'त सगळं आलं होतं, चुय सोडून. आणि चुय पावणेनऊला टाकीपाशी गाडी लावून बुरिटो खातो, वॉकीचा आवाज बारीक करून आपली गाणी लावतो, नऊला काठी वाजवतो आणि निघतो. एकोणीस वर्षं तिनेही असंच केलं होतं. तिने घड्याळ पाहिलं. नवाला दोन कमी.

"चुय," ती वॉकीत म्हणाली. "कोंपाद्रे, गाडी हलवू नकोस. ऐकतोस का? चुय."

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. ती तिच्या गाडीकडे पळाली, पण पळता पळताच तिला कळत होतं की उपयोग नाही. टाकी मैलभर लांब. साइटवर गाडी ताशी पंधरा मैलांच्या वर न्यायची नाही, कासवांसाठीच. त्या गतीने ती पोचेपर्यंत नऊ वाजून गेले असते. टाकीच्या जवळ एकच टोळी होती. थांबवलेल्या डोझरांपाशी बसलेला ड्वेन आणि त्याची माणसं.

"ड्वेन, धाव. टाकीपाशी जा. चुयला गाडी हलवू देऊ नकोस."

"टाकीपाशी? तुझं कासव उत्तरेला आहे ना? मैलभर लांब?"

ती गाडीच्या दाराला धरून उभी होती. वॉकीवर सगळी साइट ऐकत होती, कीथ वीस पावलांवरून तिच्याकडे पाहत होता. एक थाप आणखी सहज मारता आली असती. 'ते तिकडे सरकलं असेल' म्हणायचं. पण कासव दोन तासांत मैल चालत नाही, हे ड्वेनलाही माहीत होतं. त्याला पटेपर्यंत तो विचारत बसला असता. मिनिटभर गेलं असतं. मिनिटच नव्हतं.

"उत्तरेला काही नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. माग टाकीखाली होता, डबक्यात. डबकं माझंच. ते टँकरखाली बसलंय, ड्वेन. धाव."

वॉकीवर नुसती खरखर. नंतर ड्वेनच्या माणसांनी सांगितलं, की त्याने हातातला कप तसाच टाकला आणि सुटला. अडुसष्ट सालचा जन्म, पोट सुटलेलं, जड बूट. गेल्या दहा वर्षांत त्याला कोणी पळताना पाहिलं नव्हतं. टँकरचं इंजिन सुरू झालेलं होतं. गाणी मोठ्याने चालू होती. चुयने ब्रेक सोडला आणि पुढच्या काचेत त्याला दोन्ही हात वर केलेला ड्वेन दिसला. तो नुसता टँकरच्या पुढ्यात येऊन उभा राहिला होता. चुयने इतक्या जोराने ब्रेक दाबला, की टँकरमधलं पाणी उसळून वरून सांडलं.

"मेला असतास, गाढवा," चुय खिडकीतून ओरडला.

"इंजिन बंद कर," ड्वेन म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बंद कर आणि हलू नकोस."

मग तो दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि खाली वाकला. मागच्या उजव्या चाकासमोर, टायरला जवळजवळ टेकून, कासव बसलं होतं. मान आत, पाय आत. चाक आणखी वीतभर फिरलं असतं तर संपलं होतं.

ओफेलिया पोचली तेव्हा तो अजून तसाच गुडघ्यांवर होता, तळहात चाकाला लावून, जसं काही त्या हाताने टँकर अडवला असता. तिने खाली पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. ती मादी होती, म्हातारी. पाठीचे खवले झिजून गुळगुळीत झाले होते. पन्नास-साठ वर्षं तरी ती याच जमिनीवर राहिली असणार. ओफेलिया जन्मली, तेव्हाही ती इथे असेल.

कीथ आला. काटा त्र्याण्णववर होता. त्याने नवे हातमोजे चढवले, पोटावर आडवा झाला आणि टँकरखाली सरकला. त्याने तिला उचललं, भरलेला वाडगा उचलावा तसं, जराही न कलंडू देता. सगळ्यांची नजर तिच्या शेपटीखाली. तिने पाणी सोडलं नाही. कीथ फाटकातून बाहेर गेला, दोनशे पावलांवर दाट झुडपाखाली तिला ठेवलं आणि मागे न वळता उलट्या पावलांनी आला. तेव्हा कुठे डोझरवाल्यांपैकी एकाने श्वास सोडला आणि दुसऱ्याने त्याला हसून ढोसलं. चुय टँकरच्या पायरीवर बसून राहिला होता. त्याची काठी खाली पडली होती, ती त्याने उचलली नाही.

साडेदहाला कीथच्या ऑफिसच्या डब्यात ते तिघे होते. कीथ टेबलापाशी, ओफेलिया समोर, ड्वेन दारात उभा, कारण त्याला वेळ किती गेला ते लिहून द्यायचं होतं. थंड हवेचं यंत्र घुरघुरत होतं.

"डबक्याचं तुम्ही स्वतः सांगितलंत," कीथ लिहिता लिहिता म्हणाला. "त्याने फरक पडतो. लेखी समज मिळेल, तुम्हाला आणि चुयला. चाकं न बघण्याबद्दल त्याला आणखी एक. पेन्शनला धक्का लागणार नाही, मी बोलतो."

"त्याला मी सांगितलं, म्हणून त्याने केलं. ते तसंच लिही."

"लिहिलंय." त्याने पान उलटलं. "आता उत्तरेचा माग." तो थांबला आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मी असं लिहितो, की तुम्हाला माग दिसल्यासारखा वाटला. चुकून. उन्हात होतं असं, मलाही झालंय. म्हणजे तीही समजच. खोटी नोंद असं लिहिलं, तर तुमचं नाव राखणदारांच्या यादीतून जाईल. कायमचं. मग कुठल्याच साइटवर घेणार नाहीत."

ओफेलिया त्याच्याकडे बघत राहिली. पोरगा चांगला होता. तिच्या मुलीहून लहान, आणि तिच्यासाठी स्वतःची सही धोक्यात घालायला निघाला होता. नीडल्समधली ती बशांची मोरी तिला दिसत होती. पंचावन्नाव्या वर्षी, मोडक्या पाठीने. 'हो, चुकून' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

"वॉकीवर सगळ्यांनी ऐकलं की," ती म्हणाली.

"घाईत माणूस काहीही बोलतं. मी लिहीन ते राहील."

दारातून ड्वेन बोलला. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "तू त्या बिळासाठी थांबवलंस ना, तेव्हा माझी माणसं तुला शिव्या घालत होती. पिल्लाच्या वेळी तर जास्तच. मी त्यांना काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, ती म्हणते ना पाहिलं, मग पाहिलं असणार. तोंड मिटा आणि बसा. मी तुझं काही कासवांसाठी ऐकत नव्हतो. कासवांचं मला काही पडलेलं नाही. तू म्हणत होतीस म्हणून ऐकत होतो."

त्याने अंगावर ओरडायला हवं होतं, ते तिला सोपं गेलं असतं. तिला वाटत होतं, की ते थांबतात ते नियमाला भिऊन. कोणी आपल्या शब्दावर थांबतंय, हे तिला आज कळत होतं, आणि आजच ते गेलं होतं.

"आता उद्या तुमची ती मार्लीन 'थांबा' म्हणाली," ड्वेन पुढे म्हणाला, "तर ती पोरं हसतील. म्हणतील, उत्तरेच्या कोपऱ्यात का? मी त्यांना काय सांगू? तूच सांग."

कीथ म्हणाला, "ड्वेन, जाऊ दे आता."

"नाही, विचारू दे त्याला," ओफेलिया म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "कीथ, चुकून नाही. खोटं बोलले, असं लिही. जाणूनबुजून, असंही लिही."

"ओफेलियाबाई, नीट विचार करा."

"केला. सकाळपासून तेवढंच करतेय." ती ड्वेनकडे वळली. "त्यांना सांग, एक होती, खोटं 'थांबा' म्हणाली. तिला त्याच दिवशी घरी पाठवली. म्हणजे जी राहिलीय, ती खरं बोलत असणार."

ड्वेनने डोक्यावरची टोपी काढली, आतली घामाची पट्टी अंगठ्याने पुसली आणि पुन्हा घातली. "सांगतो," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

कीथने लिहिलं. लिहायला त्याला वेळ लागला. तिने सही केली, अंगातलं हिरवं जाकीट काढून घडी घातलं आणि खांद्यावरची वॉकी त्याच्यावर ठेवली. बाहेर मार्लीन डोझरांपाशी उभी राहून ड्वेनच्या माणसांना काहीतरी सांगत होती. ते ऐकत उभे होते, अजून डोझरवर चढले नव्हते.